क्लायंट शोधायचाय? आधी बघा जाहिरातीवर पैसे कोण ओततंय

नमस्कार मंडळी! आज थेट मुद्द्यावर येते. लिहिता येतं, कॉपीरायटिंगचा कोर्स झालाय, पोर्टफोलिओची साइट पण चकाचक बनवलीये, आणि इनबॉक्समध्ये शुकशुकाट. काम आणायचं कुठून?

माझं मत ऐका, पटलं तर घ्या. ज्याला चांगली कॉपी, म्हणजे जाहिरातीचा आणि वेबसाइटचा मजकूर, का लागते इथपासून समजवावं लागतं ना, त्याच्या मागे लागूच नका. दमाल, आणि शेवटी तो म्हणेल की आमचा भाचा लिहून देतो. जो आधीच जाहिरातींवर पैसे ओततोय त्याला गाठा. एक ओळ बदलली की विक्री हलते हे त्याला माहितीये, तो रोज जाहिरातीच्या आकड्यांचा डॅशबोर्ड उघडून बसलेलाच असतो.

आता हे लोक सापडतात कुठे? स्क्रीनवर बघा, ही मेटाची अ‍ॅड लायब्ररी. फुकट आहे, लॉगिन पण लागत नाही. फेसबुक-इन्स्टावर आत्ता चालू असलेल्या जाहिराती इथे दिसतात आणि प्रत्येक जाहिरात कधीपासून चालू आहे ती तारीख पण. गूगलचंही असंच अ‍ॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर आहे, 2023 साली आलं. आता एखादी जाहिरात 4-5 महिने जशीच्या तशी चालू असेल तर ती बहुतेक कमवून देतेय, तिला नावं ठेवायला जाऊ नका, हसं होईल. पण ज्या कंपनीच्या सगळ्याच जाहिराती गेल्या आठवड्यातल्या आहेत, आणि पुढच्या आठवड्यात बघाल तर त्याही गायब आणि वेगळ्याच चालू, तिथे बजेट आहे पण चाचपडणं चाललंय. ती कंपनी वहीत लिहून ठेवा.

आणि मग जाहिरातीवर क्लिक करा, कारण खरं घबाड पुढच्या पानावर असतं. समजा बिलिंग सॉफ्टवेअरची जाहिरात आहे, 'चौदा दिवस फुकट वापरा'. क्लिक केलं तर पानावर मोठ्या अक्षरात 'आधुनिक व्यवसायासाठी सर्वसमावेशक सोल्यूशन', खाली नाव, नंबर, पद, कंपनीत माणसं किती असा लांबलचक फॉर्म, आणि फुकटचा उल्लेख कुठेच नाही! माणूस मागे फिरणारच ना, आणि क्लिकचे पैसे तर गेलेच.

झालं, मेलला विषय मिळाला. मेल असा:

'तुमच्या जाहिरातीत चौदा दिवस फुकट असं आहे, पण क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावर ते कुठेच दिसत नाही. वरची ओळ अशी करून बघाल का: चौदा दिवस फुकट वापरा, पहिलं बिल आजच पाठवा. बाकीचं पानही याच पद्धतीने लिहून देऊ शकते. बोलूया का?'

बास. तुमचं बालपण, लेखनाची आवड, 'मी एक पॅशनेट कॉपीरायटर' वगैरे काही नको. आणि हा मेल इन्फो अ‍ॅट वाल्या पत्त्यावर ढकलू नका, लिंक्डइनवर जाऊन मार्केटिंग बघणारा माणूस शोधा आणि त्याला पाठवा. 4-5 दिवसांनी एक आठवण करा, कारण बरेचदा मेल आवडलेला असतो पण माणूस कामात बुडालेला असतो.

अपवर्क-फायव्हर या फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या साइट्सचं काय? पहिल्या एक-दोन रिव्ह्यूंसाठी ठीक आहे. फायव्हर तुमच्या कमाईतले 20 टक्के कापून घेतं, अपवर्कवर प्रपोजल पाठवायलाच कनेक्ट्स, म्हणजे त्यांची टोकन्स, खर्च होतात, आणि तिथे सगळे एकमेकांपेक्षा स्वस्त व्हायला बसलेत.

त्यापेक्षा वेब डिझायनर लोकांशी ओळख वाढवा, हे कुणी फारसं करत नाही. त्यांचं कायमचं दुखणं म्हणजे डिझाइन तयार असतं आणि क्लायंट मजकूरच देत नाही, पानभर लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायला टाकलेला निरर्थक मजकूर, तसाच पडून, साइट लाइव्ह होत नाही म्हणून शेवटचा हप्ता पण अडकलेला. अशा माणसाला तुम्ही म्हणालात की मी क्लायंटशी अर्धा तास बोलून आठवड्यात पानं लिहून देते, तर तो पुढच्या साइटला स्वतःहून फोन करतो.

आणि हो, काम मिळालं की हरखून लगेच लिहायला बसू नका. निम्मे पैसे आधी. किती वेळा बदल करून देणार तेही मेलवर लिहून घ्या, नाहीतर 'फक्त एक छोटासा बदल' महिनाभर चालतो. कुणी म्हणालं की आधी एक सँपल फुकट लिहून दाखवा, तर मेलमध्ये दिलेली ती ओळ हेच सँपल, असं गोड शब्दांत सांगायचं.