कॉम्प्युटरमधलं लिंकिंग

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या वर्षी पेरणीच्या तोंडावर, आमच्याच तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचा फोन आला. महिला बचत गटाच्या त्या सचिव. म्हणाल्या, "भाऊ, कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात दर दोन मिनिटाले काहीतरी उघडून राहिलं. कधी म्हणते व्हायरस आला, कधी म्हणते बक्षीस लागलं. बाजूले पोरी बसल्या असतात, अन् भलतेच फोटो येतात. मले तं लाजच वाटते."

मी म्हटलं, "ताई, काही करू नका, रविवारी येतो." पण त्यांना बँकेत गटाचा हिशेब द्यायचा होता, थांबणं शक्य नव्हतं. त्यांनी मशीन मोटारसायकलवर बांधून एका दुकानात नेलं. दुकानदाराने फॉरमॅट मारलं. जाहिराती गेल्या. त्यांच्यासोबत गटाचा सहा वर्षांचा हिशेब गेला, बैठकांचे फोटो गेले, कोणाचं किती कर्ज फिटलं आणि किती बाकी आहे ते सगळं गेलं. मी रविवारी पोचलो तेव्हा ओसरीवर कागदी वह्या पसरून चार बाया बसल्या होत्या, जुन्या पावत्या जुळवत. ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही, कारण जे काढायला पंधरा मिनिटं लागली असती, त्यासाठी सहा वर्षं पुसली गेली. म्हणून आज बोलतोय.

या नको असलेल्या जाहिराती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ॲडवेअर म्हणतात. तो येतो कसा, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजवायला वेळ लागत नाही. खरिपात युरियाचं पोतं मागायला गेलं की कधी कधी सोबत एखादी बाटली किंवा पुडी गळ्यात मारतात. ही घेतली तरच युरिया मिळेल म्हणतात. आपण त्याला लिंकिंग म्हणतो. कॉम्प्युटरमध्ये अगदी तेच होतं. फुकटचं एखादं सॉफ्टवेअर घ्यायला जावं, तर त्यासोबत आणखी तीन गोष्टी बांधलेल्या असतात. फरक एवढाच की दुकानात आपल्याला कळतं, आपण चिडतो, भांडतो. इथे त्या तीन गोष्टींच्या पुढची बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली असते, अक्षरं बारीक आणि फिकट असतात, आणि खाली 'नेक्स्ट'चं मोठं बटण चमकत असतं. आपण नेक्स्ट, नेक्स्ट करत जातो. ज्याने ते गळ्यात मारलं त्याला प्रत्येक कॉम्प्युटरमागे पैसे मिळतात, आणि पुढे जाहिरातींवर कमाई सुरू राहते.

यात अडकलेला माणूस अडाणी नसतो, हे मला ठासून सांगायचं आहे. ती बटणं फसवण्यासाठीच तशी मांडलेली असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तिचे १३ प्रकार नोंदवले. त्यात गोंधळात पाडणारे प्रश्न आहेत, बातमीचं किंवा बटणाचं सोंग घेतलेली जाहिरात आहे, आणि व्हायरस आल्याचा खोटा धाक दाखवून काहीतरी डाउनलोड करायला लावणंही आहे.

त्या ताईंना विचारलं, हे सुरू व्हायच्या आधी नवीन काय घेतलं होतं? बऱ्याच वेळाने त्यांना आठवलं. गटाचं इतिवृत्त मराठीत लिहायचं म्हणून त्यांनी 'मराठी टायपिंग डाउनलोड' असं शोधलं होतं. पहिलंच पान उघडलं. त्यावर मोठं हिरवं बटण, आणि वर एक चौकट : 'पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा.' त्यांनी दाबलं.

आपल्या भागातल्या कॉम्प्युटरांत हे ज्या वाटांनी शिरतं, त्यातली ही एक मोठी वाट. गुगलचं मराठी टायपिंगचं जे जुनं, इंटरनेटशिवाय चालणारं सॉफ्टवेअर होतं, ते गुगलने देणं केव्हाच बंद केलं. लोक अजून ते शोधतात, आणि भलत्याच साइट त्याच्या नावाने काहीही देतात. दुसरी वाट प्रिंटरच्या आणि अंगठ्याच्या मशीनच्या ड्रायव्हरची, म्हणजे ते मशीन कॉम्प्युटरला ओळखू यावं म्हणून टाकायच्या प्रोग्रॅमची. सेवा केंद्र चालवणारी पोरं घाईत असतात, बाहेर रांग असते, आणि ड्रायव्हर शोधताना 'ड्रायव्हर अपडेटर' नावाचं काहीतरी घेऊन बसतात. तिसरी वाट चोरीच्या सॉफ्टवेअरची. त्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणारा जो क्रॅक सांगतो की आधी अँटिव्हायरस बंद करा, तो तसं का सांगतो याचा विचार करा.

आता कागद-पेन घ्या. शेतात असाल तर घरातल्या शिकणाऱ्या पोरीला ऐकायला बसवा.

आधी ओळखायचं की जाहिरात येते कुठून. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकट येत असेल तर ती नीट वाचा. तिच्यावर बारीक अक्षरात क्रोम किंवा एज या ब्राउझरचं, म्हणजे इंटरनेट पाहायच्या प्रोग्रॅमचं, नाव आणि एखाद्या साइटचा पत्ता दिसला, तर बहुतेक वेळा कॉम्प्युटरमध्ये कोणताही प्रोग्रॅम शिरलेला नसतो. तुम्ही कधीतरी अलाउ दाबलं आणि त्या साइटला दारात उभं राहून हाका मारायची परवानगी मिळाली, एवढंच झालेलं असतं. ती परवानगी काढून घ्यायची. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन टिंबं आहेत, ती दाबा. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. जी तुमच्या ओळखीची नाही ती रिमूव्ह करा. संपलं. ताईंचा त्रास माझ्या अंदाजाने इथेच मिटला असता.

यादी साफ करूनही त्रास राहिला तर पुढे जायचं. काही शोधायला गेलं की भलतंच शोधपान उघडतं, वर नको असलेली पट्टी दिसते, तर त्याच सेटिंग्जमध्ये एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, उघडा आणि अनोळखी ते काढा. मग रीसेट सेटिंग्जमधून ब्राउझर मूळ स्थितीला आणा. त्याने एक्स्टेन्शन्स बंद होतात, शोधपान पूर्ववत होतं. साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क मात्र राहतात, त्यामुळे घाबरू नका. साइटमध्ये पुन्हा लॉगिन करावं लागेल, इतकंच. घरच्या मशीनवर क्रोमच्या मेनूत 'तुमची संस्था हे ब्राउझर चालवते' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली तर लक्ष द्या. शाळेच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर ती असू शकते, काही अँटिव्हायरसमुळेही येते, पण पुष्कळदा ॲडवेअरने स्वतःला हलवता येऊ नये म्हणून ठोकलेला तो खुंटा असतो.

मग प्रोग्रॅमची यादी. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स उघडा आणि तारखेप्रमाणे लावा. त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय आलं ते पाहा. एकाच तारखेला चार अनोळखी नावं दिसली तर लिंकिंगचं अख्खं बोचकं सापडलं समजा. अनइन्स्टॉल करताना वाचून करा, कारण तिथेही 'ठेवा'चं बटण मोठं आणि 'काढा'चं बारीक असतं.

पण हे लव्हाळ्यासारखं आहे. वरचं पान खुडलं की शेत स्वच्छ दिसतं, आणि खालच्या गाठीतून आठ दिवसांनी पुन्हा फुटतं. प्रोग्रॅम काढला तरी त्याने टास्क शेड्युलरमध्ये एक काम लावून ठेवलेलं असतं, रोज अमुक वाजता मला परत आण म्हणून. किंवा क्रोमच्या आयकॉनच्या शॉर्टकटमध्ये नावापुढे एका साइटचा पत्ता चिकटवलेला असतो, म्हणून क्रोम उघडलं की तेच पान. किंवा प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये मध्येच बसून येणारं-जाणारं सगळं स्वतःच्या हाताखालून नेतो. या गाठी हाताने शोधणं नवख्याला जड जातं. त्यासाठी ॲडव्ह-क्लीनर नावाचं फुकट साधन आहे. मालवेअरबाइट्स या कंपनीने २०१६ मध्ये ते आपल्याकडे घेतलं. ते इन्स्टॉल करावं लागत नाही, उघडून स्कॅन करायचं. फक्त कंपनीच्याच साइटवरून घ्या. शोधल्यावर वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेली जी ओळ येते ती पैसे देऊन लावलेली असते, ती सोडून द्या. आणि सापडलेलं सगळं डोळे मिटून काढू नका, यादी वाचा, मग क्वारंटाइन करा, म्हणजे वेगळं कोंडून ठेवा. चुकून कामाचं गेलं तर क्वारंटाइनमधून परत आणता येतं.

विंडोजमध्येच एक खोल तपासणी आहे, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स अशा वाटेने ती सापडते. ती सुरू केली की मशीन बंद होऊन पुन्हा चालू होतं आणि विंडोज पूर्ण जागं होण्याआधीच तपासलं जातं. साधारण १५ मिनिटं लागतात. डेस्कटॉपला बॅटरी नसते, तेव्हा लाईन जायची वेळ पाहून करा.

आणि भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे. सर्ट-इन ही संस्था ते चालवते, २१ फेब्रुवारी २०१७ ला ते सुरू झालं. सीएसके डॉट गव्ह डॉट इन हा त्याचा पत्ता. तिथे मशीन साफ करायची साधनं फुकट मिळतात. आपल्याकडे हे फार कमी जणांना माहीत आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

कोणी म्हणेल, जाहिरातच तर आहे, दिसली तर दिसली. २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोवोच्या काही लॅपटॉपबद्दल जगभर गदारोळ झाला होता. त्यात कारखान्यातूनच सुपरफिश नावाचं ॲडवेअर घालून आलं होतं. जाहिराती घुसवता याव्यात म्हणून ते बँकेच्या पानासारख्या कुलूपबंद पानांचंही कुलूप उघडत होतं, आणि सगळ्या लॅपटॉपांत किल्ली एकच होती. एकाला ती सापडली की सगळ्यांची दारं उघडी. कंपनीला ते काढून टाकण्याचं साधन द्यावं लागलं. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने फायरबॉल नावाच्या ॲडवेअरबद्दल सांगितलं की जगात २५ कोटी मशीनमध्ये ते आहे, आणि त्यातली सर्वांत जास्त, अडीच कोटींवर, भारतात आहेत. मायक्रोसॉफ्टने तो आकडा फुगलेला आहे असं म्हटलं. पण फायरबॉल दुसरा कुठलाही प्रोग्रॅम आत आणू शकत होतं, यावर वाद नव्हता. ज्या मशीनवर गावाचे आधार क्रमांक आणि निराधारांच्या पेन्शनचे कागद हाताळले जातात, तिथे हे बसू देणं मला मान्य नाही.

एक प्रकार वेगळा सांगतो, कारण त्यात थेट पैसे जातात. स्क्रीन पूर्ण भरून लाल पान येतं, भोंगा वाजतो, 'कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा' असं लिहिलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण दाबून धरा, पान लहान होईल. नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, तिथून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं आणू का' विचारलं तर नको म्हणा. पैसे गेले असतील तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.

आता ते परत येऊ नये म्हणून. विंडोज सिक्युरिटीमध्ये ॲप अँड ब्राउझर कंट्रोल उघडा, त्यात रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन. तिथे 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग', म्हणजे नको असलेले प्रोग्रॅम अडवणारी सोय, आहे. २०२० च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून ते तिथे आहे. खात्री करून चालू करा. इन्स्टॉल करताना 'कस्टम' किंवा 'ॲडव्हान्स्ड' निवडा, म्हणजे बांधलेल्या पुड्या दिसतात आणि खुणा काढता येतात. सातबारा पाहायचा असेल तर पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का ते पाहा. ड्रायव्हर फक्त मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. आणि फॉरमॅटची गोष्ट निघालीच, तर दुकानात मशीन ठेवण्याआधी हिशेबाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या, तो पेनड्राइव्ह घरीच ठेवा.

मराठी टायपिंगसाठी तर काहीच डाउनलोड करायची गरज नाही. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कळफलक आतच आहे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज. मराठी जोडा, तिच्या ऑप्शन्समध्ये ॲड कीबोर्ड, आणि मराठी फोनेटिक निवडा. मग विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की मराठी, पुन्हा दाबलं की इंग्रजी. इंग्रजी अक्षरांत 'namaste' टाइप केल्यासारखं लिहा, स्क्रीनवर 'नमस्ते' उमटतं.

त्या रविवारी ओसरीवर बसून मी ताईंच्या मशीनवर हेच लावून दिलं. बाजूच्या आजी वहीतली रक्कम वाचून दाखवत होत्या आणि ताई एकेक ओळ नव्याने लिहीत होत्या. सहा वर्षांपैकी चार वर्षांचा हिशेब वह्यांतून परत मिळाला.

नमस्कार.