हे व्हेरिएबल कुणाचं?

(नांदेडला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आपल्या मराठवाड्यात ७६ तालुके. समजा प्रत्येक तालुक्याचा पाऊस एका अ‍ॅरेत आहे आणि फॉर लूप लावून तुम्ही बेरीज करताय. लूपच्या डोक्यावर ‘प्राग्मा ओएमपी पॅरलल फॉर’ एवढी ओळ टाकली की काम प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर वाटलं जातं. ७६ आकड्यांसाठी मात्र हे करू नका बरं का, थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, उभे करण्यातच जास्त वेळ जाईल!

ही ओळ ओपनएमपीची, म्हणजे काम थ्रेडांत कसं वाटायचं ते कंपायलरला सांगणाऱ्या सूचनांच्या मानकाची. फोरट्रानसाठी ओपनएमपीचं स्पेसिफिकेशन १९९७ साली आलं, सीसाठी पुढच्या वर्षी. जीसीसी या कंपायलरमध्ये ओपनएमपी २००७ मध्ये, जीसीसीच्या ४.२ आवृत्तीत दाखल झालं. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये ओपनएमपी ३.१ चा पूर्ण आधार (सपोर्ट) यायला २०१५ उजाडलं.

कंपायलरने ही ओळ वाचणं सोपं असतं. पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची फोड करणारा भाग, लिहिलेला कुणीही ते करील. खरं काम पुढे आहे. जीसीसी लूपचं पोट कापून त्याचं वेगळं फंक्शन करतो. जीसीसीच्या ‘ओएमपीएक्सप’ टप्प्याचा डंप (त्या टप्प्यानंतरच्या कोडची नोंद) काढून बघा, तुमच्या मेनच्या शेजारी ‘ओएमपी एफएन शून्य’ अशा शेपटीचं, तुम्ही न लिहिलेलं फंक्शन दिसेल. मेनमध्ये उरतो ‘जीओएमपी पॅरलल’ला केलेला कॉल. ते लिबगॉम्प या रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालताना लागणाऱ्या, लायब्ररीचं फंक्शन. थ्रेड उभे करून प्रत्येकाच्या हाती हे नवं फंक्शन देणं तिचं काम.

पण फंक्शन वेगळं झालं म्हणजे मेनमधली व्हेरिएबल्स त्याला दिसेनाशी झाली. मग कंपायलर एक स्ट्रक्चर बांधून पाठवतो, आणि त्यात काय भरायचं यावरच सगळी डोकेदुखी. ऊसतोडीच्या टोळीत कोयता ज्याचा त्याचा, ट्रॅक्टर सगळ्यांचा. तसं इथे प्रत्येक व्हेरिएबलबद्दल विचारावं लागतं. लूपचा मोजणीचा आय प्रत्येक थ्रेडचा स्वतःचा. पावसाचा अ‍ॅरे सगळ्यांचा, म्हणून त्याचा फक्त पत्ता पाठवायचा. आणि बेरीज? काहीच सांगितलं नाही तर नियमाने तीही सगळ्यांची. आता बघा, बेरीज ४०० आहे. दोन थ्रेडनी एकदमच ४०० वाचले, एकाने १२ मिळवले, दुसऱ्याने ३०. हवे होते ४४२, मिळतात ४१२ किंवा ४३०. ना एरर, ना वॉर्निंग. म्हणून प्राग्माच्या ओळीत बेरजेसाठी ‘रिडक्शन’ लिहायचं. मग कंपायलर प्रत्येक थ्रेडला शून्यापासून सुरू होणारी स्वतःची बेरीज देतो आणि शेवटी सगळ्या एकत्र करतो.

माझ्या मते नव्या माणसाने कंपायलरमधल्या ओपनएमपीच्या आधारात हात घालायचा तर इथूनच घालावा. वेग वाढवायचं कौतुक नंतर. आधी ‘शेअर्ड’ (सगळ्यांचं), ‘प्रायव्हेट’ (ज्याचं त्याचं), ‘फर्स्टप्रायव्हेट’ (ज्याचं त्याचं, पण आधीची किंमत घेऊन) यांचे नियम पाठ हवेत, कारण इथली चूक तुमच्या मशीनवर महिनाभर दिसणार नाही आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर पहिल्याच दिवशी दिसेल.

कंपायलरसाठी पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवाल तेव्हा सोबत टेस्ट द्या. फ्लोटची, म्हणजे दशांश संख्यांची, बेरीज तपासताना बरोबरीचं चिन्ह मात्र लावू नका. थ्रेडांच्या बेरजा कुठल्या क्रमाने एकत्र होतील याची हमी ओपनएमपी देत नाही, आणि फ्लोटमध्ये क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात. किती फरक चालेल ते टेस्टमध्येच लिहून ठेवा, नाहीतर पॅच तपासणारे पहिला प्रश्न तोच विचारतील.