रातांब्याचं आंबट आणि लिव्हरमधलं एन्झाइम

मे महिन्यात कुडाळ-वेंगुर्ल्याकडं कुठल्याही खळ्यात डोकवा, रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडायचं काम चाललेलं दिसणार, बिया मुठेलासाठी म्हणजे कोकमाच्या तुपासाठी बाजूला आणि सालींना त्यांच्याच खारवलेल्या रसाची पुटं, परत ऊन, परत रस, पावसाच्या आत आमसुलं काळीकुट्ट व्हायला हवीत ना. या सालीतलं मुख्य आंबट म्हणजे हायड्रॉक्सीसायट्रिक ॲसिड. लिंबातल्या सायट्रिकचंच भावंड, फक्त ऑक्सिजनचा एक अणू जास्त.

आता जरा लिव्हरमध्ये जाऊया. भात जास्त झाला की त्या साखरेपासून मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, सायट्रेट (सायट्रिक ॲसिडचंच रूप) तयार होतं, जास्तीचं बाहेर येतं, आणि बाहेर एटीपी सायट्रेट लायेज नावाचं एन्झाइम तयारच असतं, चार सारख्या साखळ्या एकत्र येऊन झालेलं चांगलं दांडगं प्रोटीन. ते एक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, खर्चून सायट्रेट तोडतं. त्यातून ॲसिटिल कोएन्झाइम ए निघतं, त्यातूनच पुढं चरबी पण बनते आणि कोलेस्टेरॉल पण. जेवल्यावर इन्सुलिन वाढलं की एन्झाइमच्या साखळीतल्या 455 नंबरच्या सेरीन या अमिनो ॲसिडवर फॉस्फेट चिकटतो आणि एन्झाइम जोरात येतं, रोजच गोडधोड चाललं असेल तर पेशी हे एन्झाइमच जास्त बनवायला लागते, उपास पडला की कमी.

1969 मध्ये अमेरिकेत वॉटसन, फँग आणि लोवेनस्टाइन यांनी दाखवलं की रातांब्यातलं हे हायड्रॉक्सीसायट्रिक ॲसिड या एन्झाइमवरची सायट्रेटची जागा अडवतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तस्संच!

मग काय, बाजारात वजन उतरवायच्या गोळ्या आल्या, कोकमाच्या केरळी भावंडाच्या अर्काच्या. 1998 मध्ये 135 जणांवर 12 आठवडे चाचणी झाली, खरी गोळी आणि खोटी गोळी, फरक शून्य. एक तर हे ॲसिड पेशीत धड शिरत नाही, आटवलं की त्याचा रेणू स्वतःतच वळून कडं बनतो (लॅक्टोन) आणि एन्झाइमवरची पकड सुटते, आणि मुख्य म्हणजे वाटपातल्या खोबऱ्याचं फॅट आयतंच येतं, त्याला या एन्झाइमची गरजच नाही! वर अशा गोळ्यांनी काहींच्या लिव्हरलाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा सोलकढी प्या, गोळ्या राहू द्या.

एन्झाइम मात्र कामाला आलं. बेम्पेडोइक ॲसिड हे औषध यालाच अडवतं, 2020 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, कोलेस्टेरॉलसाठी हं, वजनासाठी नाही, आणि ते चालू होतं लिव्हरमध्ये, स्नायूंत नाही, म्हणून स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्यांनी ज्यांचे पाय-मांड्या दुखतात त्यांना डॉक्टर हे देऊ शकतात.