पुण्याचं लिबरेटर, हेंडनच्या अंधुक उजेडात

नमस्कार श्रोतेहो. लंडनमधल्या हेंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये दुसऱ्या महायुद्धातलं एक चार इंजिनांचं बॉम्बर विमान उभं आहे, बी-२४ लिबरेटर. त्याचा फोटो काढायला मी मुद्दाम गेलो, कारण ते एके काळी आपल्या पुण्याचं होतं.

१९४५ साली हे विमान हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर ब्रिटिशांच्या ९९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होतं. युद्ध संपलं आणि अशी कितीतरी लिबरेटर कानपूरला आणून टाकली. कोणी पुन्हा उडवू नयेत म्हणून ती मुद्दाम मोडली, इंजिनांत वाळूसुद्धा ओतली. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे बॉम्बर नव्हते. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट या विमान कारखान्याच्या कारागिरांनी त्या ढिगाऱ्यातून एकेक विमान उडण्यापुरतं सावरलं, वैमानिक जमशेद मुन्शींनी ती बंगळूरला नेली आणि तिथे त्यांची पक्की दुरुस्ती झाली. पुढे हे विमान सहाव्या स्क्वाड्रनमधून समुद्रावर गस्त घालायचं. त्या स्क्वाड्रनचा तळ पुण्याला होता. १९६८मध्ये लिबरेटर निवृत्त झाली, आणि १९७४मध्ये भारताने हे विमान ब्रिटनला भेट दिलं. अमेरिकेतल्या टूसॉनच्या आणि कॅनडातल्या ओटावाच्या संग्रहालयातलं लिबरेटरही आपल्याकडूनच गेलेलं. अठरा हजारांहून जास्त बांधली गेली होती, त्यातली ही उरली, ती आपल्या माणसांच्या हातांमुळे. संग्रहालयात विमान नीटनेटकं केलेलं दिसतं, पण त्याचा खरा जीर्णोद्धार बंगळूरला झाला असं मी मानतो.

आता फोटोचं. हॉलमध्ये उजेड कमी, विमान चंदेरी, आणि पंखांचा विस्तार ११० फूट. वाइड लेन्स लावली की नाक फुगतं आणि शेपटी पार लहान होते. दोन-तीन फोटोंनंतर मी अख्खं विमान पकडायचा नाद सोडला. कोपर कठड्याला टेकवलं, श्वास रोखला, शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर ठेवलं आणि पत्र्याजवळ गेलो. चकाकत्या पत्र्यावर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, म्हणून एक्स्पोजर हातानेच ठरवलं. मग रिव्हेटांच्या रांगा दिसू लागल्या. एका ठिकाणी दोन पत्र्यांची झळाळी वेगवेगळी, एक जरा दुधी, दुसरा निळसर. तिथे मी बराच वेळ थांबलो.

पुण्याला परतल्यावर फोटो शेजारच्या काकांना दाखवले. ते हवाई दलात फिटर होते, उमेदीची वर्षं लोहगावला गेली. अख्ख्या विमानाचा फोटो त्यांनी पाहून बाजूला ठेवला. पोटाकडचा मात्र डोळ्यांजवळ धरला.

"हे दार बघ, दुकानाच्या शटरसारखं कडेने वर सरकतं," ते म्हणाले. "आतला कॅटवॉक काढलास का रे?"

आत जाता आलं नव्हतं. काकांनी हाताचा पंजा पसरून मला रुंदी दाखवली: जेमतेम नऊ इंच. बॉम्ब ठेवायच्या जागेतून पुढून मागे जायला तेवढीच वाट. हातात पाना, खाली उघडं दार. मग ते उठले आणि दिवाणखान्यातल्या फरशीच्या एका रेघेवरून, एकापुढे एक पाऊल टाकत, चालून दाखवू लागले.