लिहून ठेवा अण्णा

मंडळी, माईक जरा खरखरतोय, चालवून घ्या. विषय दिलाय गल्लीतलं किराणा दुकान आणि बोलायला उभा केलाय बँकेतनं रिटायर झालेला माणूस. म्हणजे गंमतच की हो. मी 30 वर्षं लोकांना कर्ज दिलं. पगाराची स्लिप, दोन जामीनदार, सातबारा, एवढं सगळं घेऊन पण थकणारे हप्ते थकायचेच. आणि सांगलीच्या गावभागात आमच्या गल्लीच्या तोंडाला दहा बाय बाराच्या दुकानात बसलेले अण्णा नुसतं विचारायचे, "लिहू का?" झालं कर्ज मंजूर.

आता तुम्ही म्हणाल त्यांना कसं जमतं. तर त्यांना माहिती असते. कुणाचा पगार एक तारखेला, कुणाचा दहाला, मार्केट यार्डात हमालीला जाणाऱ्याला हळदीच्या सीझनमध्ये पैसे सुटतात आणि पावसाळ्यात ओढाताण होते, हे सगळं त्यांच्या डोक्यात. मला एकदा म्हणाले, साहेब, घरात अडचण आली की पहिल्यांदा गोडंतेल आटतं. लिटरची पिशवी नेणारी वहिनी पावशेर सुटं मागते, मग शाम्पूची बाटली जाऊन एक रुपयाची पुडी येते, आणि शेवटी वहिनी स्वतः यायचीच बंद होते, पोराला चिठ्ठी देऊन पाठवते. पोरगं आलं की मी समजतो, म्हणाले. आमच्या बँकेला हीच गोष्ट तीन हप्ते थकल्यावर कळायची, नोटीस काढताना.

लगेच डोळे पुसू नका. अण्णा काय संत नाहीत. उधारीवाल्याला भाव विचारायची सोय नसते, तांदळात खडे निघाले तरी गप्प घ्यायचा, आणि गल्लीत नवीन भाडेकरू आला, त्यातनं परमुलखातला असला, की त्याला रोखच. चेहरा ओळखीचा लागतो ना. शिवाय कुणाचं पोरगं सिगारेट न्यायला लागलंय ही बातमी संध्याकाळपर्यंत घरी पोचतेच, ते चांगलं का वाईट ते पोराला विचारा.

पण आपणही कमी नाही हं. महिन्याचा बाजार ट्रॉली ढकलत मॉलमध्ये भरायचा, आणि अण्णांकडे मीठ, काडेपेटी नि पाच रुपयाचा पार्ले-जी, तोही पुडा वर्षावर्षाला हलका होत चाललाय. म्हणजे रोखीतलं मोठं गिऱ्हाईक तिकडं आणि उधारी इकडं. मग 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळे शटरखालनं हाक मारायला लागले, "अण्णा, आटा हाय का?" मी पण त्यातच होतो, खोटं कशाला बोलू.

2019 च्या ऑगस्टचं सांगतो आणि थांबतो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, कृष्णा 57 च्याही वर गेली. पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर चिखल, साखरेची पोती विरघळून नुसती बारदानं उरलेली, डाळींना असा वास की उभं राहवेना. अण्णा मात्र फळीवरनं खाली पडलेली उधारीची वही शोधत होते. सापडली. पान पान सुटं करून वरच्या मजल्यावर दोरीला वाळत घातली, धुण्यासारखी. पेनानं लिहिलेलं सगळं धुऊन गेलेलं, निळे डाग नुसते. पेन्सिलीनं लिहिलेलं जसंच्या तसं. काही लोकांनी येऊन आपापला आकडा सांगितला, काहींनी कमी सांगितला, काही आलेच नाहीत. कोण ते अण्णांना माहिती आहे, मला सांगितलं नाही.

आता काउंटरवर तो पैसे आले की ओरडणारा डबा बसलाय. किती आले ते अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. त्याच्या शेजारी वही, आणि वहीला सुतळीनं बांधलेली पेन्सिल. त्या दिवशी एक पोरगं चिठ्ठी घेऊन आलं, अण्णांनी वाचली, तेल मोजून दिलं, आणि काही न बोलता वही उघडली.