रात्री एकच्या ठोक्याला उठणारं डोकं

श्रोतेहो, नमस्कार. उन्हात फिरलं, उपास घडला, जागरण झालं की डोकं दुखतं. बाम चोळला, घोटभर चहा घेतला की उतरतं. आज त्या डोकेदुखीबद्दल नाही बोलणार. आज बोलायचं आहे क्लस्टर हेडेकबद्दल.

हे डोकं एकाच बाजूनं उठतं, डोळ्यामागं आणि कानशिलात. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी गळतं, नाक चोंदतं, पापणी खाली येते. पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत चालतं. अर्धशिशीचा माणूस अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो. हा माणूस पडूच शकत नाही, येरझारा घालतो. आणि याची वेळ बहुधा ठरलेली असते. पुन्हा सांगतो, ध्यानात ठेवा: एकच बाजू, डोळ्याला पाणी, ठरलेली वेळ.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो, तेव्हाची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. एक बाई एकटीच ओपीडीत आली. म्हणाली, "डाक्टरसाहेब, मले काई नाई झालं. आमच्या मालकाचं सांगाले आली. थे येतच नाईत, म्हंतेत आता दाखवून दाखवून थकलो."

मालक चाळिशीतला. डाव्या बाजूच्या दोन दाढा काढून झाल्या होत्या, चष्मा लागला होता, सायनस म्हणून औषधं झाली होती, दंडाला भगताचा गंडा होता. गावात कुजबुज चालू होती की याला बाहेरचं काही लागलं. मी विचारलं, होतं काय नेमकं? बाई म्हणाली, "दिवसभर चांगले रायतेत जी. पऱ्हाटीत दोन माणसाचं काम करतेत. अन् रात्री एक वाजला का उठून बसतेत. डाव्या डोयातून टपटप पानी गयते. आंगनात फिरतेत, खांबाले डोस्कं आपटतेत. घंट्याभरानं सारं थंड. लेकरं भितेत."

मग तिनं पिशवीतून भिंतीवरच्या कॅलेंडरची घडी केलेली पानं काढली. ज्या रात्री दुखलं, त्या तारखेवर कुंकवाचं बोट. ज्या रात्री दोनदा दुखलं, तिथं दोन बोटं. दिवाळीनंतर सुरू झालेली ती बोटं सलग उमटली होती. मागच्या वर्षीची पानंही तिनं जपून ठेवली होती. त्यावरही दिवाळीनंतरच सुरुवात, आणि संक्रांतीनंतर एकही बोट नाही. शाळा दुसरीपर्यंत झालेली ही बाई. पण मोठमोठे अहवाल, फोटो, चिठ्ठ्या यातून जे कळलं नव्हतं, ते त्या कुंकवातून लख्ख दिसत होतं. पेशंटच्या घरच्या बाईचं बोलणं मध्येच तोडणाऱ्या डॉक्टरचा मला फार राग येतो, तो यासाठीच.

त्या रात्री नवऱ्याला केंद्रातच झोपायला बोलावलं. कुरकुरत आला. एक वाजून गेला आणि तो ताडकन उठून बसला. डावा डोळा लालभडक, नाक गळतंय, बोटं कानशिलात रुतलेली. ऑक्सिजनचा सिलिंडर जवळच आणून ठेवला होता. मास्क चढवला, मीटर मिनिटाला बारा लिटरवर नेला. बाईनं मास्क दोन्ही हातांनी दाबून धरला, जराही ढिला पडू दिला नाही. पंधरा मिनिटं झाली असतील-नसतील, त्याचे खांदे सैल पडले. भिंतीला टेकला आणि म्हणाला, "गेलं." बाई तिथंच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं ईसीजी काढून वेरापामिल सुरू झालं. हे या दुखण्याला आवर घालणारं मुख्य औषध. पण हृदयाची गती बघूनच द्यावं लागतं. त्याच्या जोडीला रात्री दहा मिलिग्रॅम मेलाटोनिन. पुढच्या पानावर कुंकवाची बोटं विरळ होत गेली. श्रेय एकट्या मेलाटोनिनचं असं मी म्हणणार नाही, दोन्ही गोळ्या चालू होत्या.

मग मेलाटोनिनच का? अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी हे द्रव्य सोडते. अमेरिकेत येल विद्यापीठात एरन लर्नर यांनी 1958 मध्ये ते शोधलं. शरीराचं घड्याळ मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये असतं, आणि या दुखण्याचा झटका आला की हायपोथॅलॅमसचाच भाग जागा होतो, हे 1998 मध्ये मेंदूच्या चित्रांत दिसलं. या पेशंटांच्या रक्तात रात्रीचं मेलाटोनिन कमी सापडलं आहे. 1996 मध्ये इटलीत वीस पेशंटांवर प्रयोग झाला. दहा जणांना रोज संध्याकाळी दहा मिलिग्रॅम, दहा जणांना नुसती खोटी गोळी, दोन आठवडे. खऱ्या गोळीवाल्यांपैकी पाच जणांचे झटके तीन ते पाच दिवसांत कमी होऊन पुढे थांबले. खोट्या गोळीवाल्यांत कुणालाच गुण नाही. पुढे दुसऱ्या एका प्रयोगात दोनच मिलिग्रॅम दिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे प्रयोग लहान आणि पुरावा अर्धाच. तरीही विचारण्याजोगं औषध आहे.

उजेडावरून आठवलं. डोळ्यावर लख्ख उजेड पडला की मेलाटोनिन घटतं. आणि आमच्या शेतकऱ्याला शेतीपंपाची लाइन कधी मिळते? कित्येकदा रात्री बाराला! हरभऱ्याला ओलित करायला बॅटरी घेऊन वावरात जायचं, साप बघायचा, रानडुकरं बघायची, झोपेचं खोबरं करायचं. शेतीची वीज दिवसाच मिळाली पाहिजे. जिथं माइक मिळेल तिथं मी हे बोलणार.

असो. मेलाटोनिन ही झटका आल्यावर घ्यायची गोळी नाही. झटका येऊ नये म्हणून रोज रात्री घ्यायची. पुन्हा सांगतो, झटक्यावर नाही, रोज. आणि डॉक्टरांना विचारून. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, फिट येत असेल, दिवस गेले असतील, तर आधी ते सांगा. सकाळी गुंगी राहिली तर ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवू नका. दुखण्याचा हंगाम चालू असताना दारूचा एक घोटही झटका आणू शकतो, तेव्हा ती पूर्ण बंद. ऑक्सिजन चालू असताना जवळ कुणी विडी पेटवायची नाही. साध्या वेदनाशामक गोळ्यांवर गोळ्या खाऊ नका. त्या पोटात विरघळेपर्यंत झटका बहुतेक वेळा ओसरलेला असतो. आणि दवाखान्यात जाताना तारखा आणि वेळा लिहून न्या. सोबत बायकोला, आईला न्या, कारण झटक्यात डोळा कसा दिसतो ते त्यांनी पाहिलेलं असतं.

एक मात्र वेगळं. जन्मात कधी दुखलं नाही असं डोकं एकदम फुटल्यासारखं दुखलं, तापासोबत मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलणं बोबडं झालं, तर ते क्लस्टर समजून घरी थांबू नका. रात्र असो की दिवस, 108 ला फोन लावा.

नमस्कार.