सोळा संघ, पंधरा सामने: कॉलेज हॉकीचं भाकीत

मंडळी, मार्च आला की अमेरिकेत घरोघरी आणि ऑफिसांत कॉलेज बास्केटबॉलचे ब्रॅकेट, म्हणजे कोणत्या सामन्यात कोण जिंकणार याचे तक्ते, भरले जातात. त्या गदारोळात कॉलेजच्या आइस हॉकीची स्पर्धा झाकोळून जाते. पण भाकीत करण्यात ज्याला खरा रस आहे, त्याने हॉकीकडे वळावं, असं माझं ठाम मत आहे. बास्केटबॉलमध्ये कॉन्फरन्स (कॉलेजांचे आपसांत खेळणारे गट) जिंकून आलेले सोडून उरलेल्या संघांची निवड समिती बंद दाराआड करते, आणि शेवटचे दोन-चार संघ का घेतले यावर पुढे आठवडाभर वाद चालतो. हॉकीत कोणते संघ येणार हे सूत्र ठरवतं, आणि ते सूत्र आधीच जाहीर असतं. त्याचं मोल मला फार वाटतं. एखाद्या छोट्या कॉलेजच्या खेळाडूला आपण का राहिलो हे आकड्यांत बघता येतं. कुणाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही.

१९४८ साली कोलोरॅडो स्प्रिंग्जला ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा चारच संघ होते. २००३ पासून सोळा आहेत. सहा कॉन्फरन्सचे विजेते थेट आत येतात, उरलेल्या दहा जागा क्रमवारीनुसार भरतात. कित्येक वर्षं ही क्रमवारी ‘पेअरवाइज’ पद्धतीने लागत असे. साठच्या आसपास संघ, आणि त्यातल्या प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना: एकमेकांविरुद्ध कोण जिंकलं, समान प्रतिस्पर्ध्यांशी कोण सरस खेळलं आणि आरपीआय, म्हणजे विजय आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद मिळून काढलेला आकडा, कुणाचा जास्त. बरोबरी झाली तर पुन्हा आरपीआयच निकाल लावणार. या आरपीआयमध्ये स्वतःच्या विजयांना फक्त २५ टक्के वजन होतं. प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला २१ टक्के आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना ५४ टक्के! म्हणजे तुमचा संघ घरी बसलेला असतानाही त्याचा क्रमांक हलतो. २०२५-२६ च्या हंगामापासून पेअरवाइजची जागा एनपीआय या नव्या निर्देशांकाने घेतली. तपशील बदलले, पण क्रमवारी आकडेमोडीतूनच लागते हे कायम राहिलं.

याचा फायदा शेवटच्या आठवड्यात कळतो. समजा कॉन्फरन्स स्पर्धांचे मिळून दहा सामने उरलेत आणि प्रत्येकात कुणीतरी एक जिंकणारच. म्हणजे शक्यता झाल्या १०२४. संगणकाला हे काम क्षणभराचं. प्रत्येक शक्यतेत क्रमवारी मांडायची आणि आपला संघ कितींमध्ये आत येतो ते मोजायचं. हे दरवर्षी होतं, आणि चाहते शनिवारी रात्रीपर्यंत जागून तो तक्ता बघत बसतात.

२०१३ चा येल विद्यापीठाचा संघ घ्या. ईसीएसी या त्यांच्या कॉन्फरन्सच्या उपांत्य सामन्यात युनियनने त्यांना ५-० ने हरवलं, मग तिसऱ्या जागेच्या सामन्यात क्विनिपिअ‍ॅकने ३-० ने. दोन सामन्यांत एकही गोल नाही, आणि खेळायला पुढे सामनाही नाही. आता त्यांचं भवितव्य दुसऱ्याच कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात अडकलं होतं. तिथे मिशिगन जिंकलं असतं तर विजेते म्हणून थेट आत आलं असतं आणि येलची जागा गेली असती. नोटर डेमने मिशिगनला हरवलं. मिशिगनची सलग २२ वर्षांची हजेरी तिथे खंडित झाली आणि येल पंधराव्या क्रमांकावर आत आलं.

संघ ठरले की ब्रॅकेटची मांडणी. इथे समितीला थोडा वाव असतो, पण तोही नियमांतच. पहिला विरुद्ध सोळावा, दुसरा विरुद्ध पंधरावा, अशी आदर्श जोडणी. मग दुरुस्त्या: एका कॉन्फरन्सचे दोन संघ शक्यतो पहिल्या फेरीत भिडू नयेत, जो संघ एखाद्या रीजनलचा (पहिल्या दोन फेऱ्या होतात त्या चार ठिकाणांपैकी एकाचा) यजमान आहे त्याला तिथेच खेळवायचं, आणि जमेल तितका प्रवास वाचवून रिंकमधल्या खुर्च्या भरतील हे बघायचं. चार-चारच्या गटांत संघ मांडून त्याच गटातल्या दोघांची अदलाबदल करायची, हे समितीचं मुख्य काम. त्या वर्षी येलला दुसऱ्या क्रमांकाचं मिनेसोटा मिळालं आणि पहिल्या क्रमांकाच्या क्विनिपिअ‍ॅकला सोळावं कनिशियस. जोड्या अगदी सरळ लागल्या होत्या.

इथपर्यंत भाकीत म्हणजे हिशेब. बर्फावर पाऊल पडलं की तो संपतो. ग्रँड रॅपिड्सला येल-मिनेसोटा सामना जादा वेळेत गेला आणि नऊ सेकंदांत येलने गोल केला. मग त्यांनी नॉर्थ डकोटाला हरवलं, मॅसॅच्युसेट्स-लोवेलला हरवलं आणि पिट्सबर्गमधल्या अंतिम सामन्यात क्विनिपिअ‍ॅकला ४-० ने! त्याच हंगामात क्विनिपिअ‍ॅकने येलला तीनदा हरवलं होतं. सोळांतला पंधरावा संघ विजेता ठरला. २००६ मध्ये होली क्रॉसने ग्रँड फोर्क्समध्ये मिनेसोटालाच जादा वेळेत ४-३ ने घरी पाठवलं होतं, तेही आठवा.

असं का होतं? कारण इथे मालिका नाही, एकच सामना. संघ साधारण तीस फटके मारतो, गोलरक्षक त्यातले नव्वद टक्क्यांच्या पुढे अडवतो, म्हणजे गोल होतात दोन-तीन. चांगल्या लयीतल्या गोलरक्षकाने आणखी दोन अडवले की निकाल फिरला. बलवान संघाची जिंकण्याची शक्यता प्रत्येक वेळी ६० टक्के धरली, तरी पहिल्या फेरीतले आठही निकाल बरोबर येण्याची शक्यता पावणेदोन टक्क्यांच्याही आत येते. पंधराच्या पंधरा बरोबर यायचे तर दोन हजारांत एकदा, तेही जेमतेम.

म्हणून माझी विनंती आहे की दोन कागद वेगळे ठेवा. पहिल्यावर सोळा संघ आणि त्यांच्या जागा लिहा, तोही निवड जाहीर होण्याआधी. त्यात जागा थोड्या इकडेतिकडे होतील, पण संघ चुकले तर मात्र हिशेब पुन्हा तपासा. दुसऱ्या कागदावर विजेते भरताना क्रमवारी बाजूला ठेवा आणि फेब्रुवारीपासून गोलरक्षकांची कामगिरी बघा. कोण सलग खेळतोय, कुणाला दुखापतीनंतर परत आणलंय, कोण लागोपाठ दोन रात्री खेळूनही टिकतोय, हे बघा. रीजनलमध्ये दोन सामने फार थोड्या अंतराने येतात, आणि बहुतेक प्रशिक्षक दोन्ही वेळा त्याच मुलाला उभा करतात.